संगणक-शंका : ओळ काढली, पॅकेजे राहिली

या महिन्यात लिनक्सविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचे दुखणे एकच आहे. एका यंत्रात डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या दोन आवृत्त्यांची पॅकेजे (बसवण्यासाठी बांधून ठेवलेले प्रोग्रॅम आणि त्यांचे भाग) एकत्र आली आहेत किंवा येण्याच्या बेतात आहेत, आणि अपग्रेड अडले आहे. पहिले पत्र सविस्तर घेतले आहे, कारण उरलेल्या तिघांची निम्मी उत्तरे त्यातच येऊन जातात.

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत चार संगणक आहेत आणि चारींवर डेबियन 12 होते. त्यांपैकी कार्यालयातल्या संगणकावर दाखलनोंद आणि वर्गणीचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये ठेवला जातो. आठ महिन्यांपूर्वी सुट्टीत आलेल्या माझ्या भाच्याने लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती हवी म्हणून भांडारांच्या (पॅकेजे जिथून उतरवली जातात त्या ठिकाणांच्या) यादीत डेबियन 13 ची एक ओळ जोडली, फक्त लिब्रेऑफिस नवे घेतले आणि ओळ पुन्हा काढून टाकली. पुढे प्रिंटर चालेना, तेव्हा त्याने उबुंटू या दुसऱ्या लिनक्ससाठी केलेली एक फाइल उतरवून बसवली. त्यानंतर काहीही बिघडले नाही. आता बाकीचे तीन संगणक विनातक्रार डेबियन 13 वर गेले, पण या संगणकाने काढून टाकायच्या पॅकेजांची अशी लांबलचक यादी दाखवली की मी ‘नाही’ म्हणून थांबलो. आठ महिने सुरळीत चाललेले यंत्र आताच का अडले? ते पुन्हा शुद्ध डेबियन 12 करता येईल का?
— वाचनालयाचे सचिव, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : यादी वाचून थांबलात, हे योग्य केलेत, आमच्याकडची बहुतेक पत्रे ‘होय’ दाबून झाल्यानंतरची असतात. मात्र आठ महिने काही बिघडले नाही, हे तुमचे वाक्य तपासून पाहिले पाहिजे, कारण खरी अडचण त्याच वाक्यात आहे.

डेबियनच्या एका आवृत्तीतली सगळी पॅकेजे एका संचातली असतात आणि त्यांतले प्रत्येक पॅकेज त्याच संचातल्या लायब्ऱ्यांवर बेतून कंपाइल केलेले, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणलेले, असते. (येथे लायब्ररी म्हणजे तुमचे वाचनालय नव्हे, अनेक प्रोग्रॅमांनी सामाईक वापरायच्या कोडला हे नाव आहे.) डेबियन 12, म्हणजे ‘बुकवर्म’, 10 जून 2023 रोजी प्रसिद्ध झाले आणि डेबियन 13, म्हणजे ‘ट्रिक्सी’, 9 ऑगस्ट 2025 रोजी. या दोहोंच्या दरम्यान ग्लिबसी ही सर्वांत पायाभूत लायब्ररी 2.36 वरून 2.41 वर गेली आणि पायथॉन 3.11 वरून 3.13 वर गेले. भाच्याने मागितले फक्त लिब्रेऑफिस. परंतु ट्रिक्सीतले लिब्रेऑफिस नव्या ग्लिबसीवर बेतलेले असल्यामुळे ॲप्टने (पॅकेजे आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमने) तीही आणली, तिच्याबरोबर आणखी कित्येक लायब्ऱ्या आणल्या, आणि यंत्रावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ज्या पायावर उभा आहे तो पायाच बदलला. एका पॅकेजासाठी किती पॅकेजे बदलत आहेत, हा आकडा ॲप्ट होकार मागण्यापूर्वी छापत असतो. तो वाचला गेला नाही, एवढेच.

पाया बदलूनही यंत्र चालत राहिले, याला कारण आहे. ग्लिबसी सांभाळणारी मंडळी जुन्या फंक्शनांची जुनी रूपे नव्या आवृत्तीतही जपून ठेवतात, त्यामुळे जुन्या ग्लिबसीवर बेतलेला प्रोग्रॅम नव्या ग्लिबसीवर चालतो. उलट दिशेने मात्र चालत नाही: नव्यावर बेतलेला प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर ठेवला, तर ‘जीएलआयबीसी 2.38 सापडत नाही’ अशा धर्तीची एक ओळ छापून तो बंद पडतो. आणि इतकी शिस्त सगळ्याच लायब्ऱ्या पाळत नाहीत. वेल्डिंगच्या दुकानात उठबस असलेल्या कोणालाही ही भानगड ठाऊक असते. सुताच्या मापाच्या बोल्टवर मिलिमीटरचा नट हाताने दोन आटे सहज चढतो, तिसऱ्याला अडतो, आणि तेथे पान्याने जोर केला की आटे मरतात. तुमचे यंत्र आठ महिने त्या पहिल्या दोन आट्यांवर होते. अपग्रेड म्हणजे पान्याचा जोर.

आता त्या आठ महिन्यांचेच पाहू. बुकवर्मसाठी ग्लिबसीची सुरक्षा-दुरुस्ती आली, तर ती 2.36 या क्रमांकाखाली येते. तुमच्याकडे आधीच 2.41 असल्यामुळे ॲप्टच्या हिशेबी ती जुनी ठरते आणि तो तिला हात लावत नाही. ट्रिक्सीची दुरुस्ती 2.41 च्या पुढच्या उपक्रमांकाने येते, पण ती जिथून यायची ती ओळच भाच्याने काढून टाकली आहे. म्हणजे यंत्रातली सर्वांत महत्त्वाची लायब्ररी, आणि तिच्यासोबत ज्यात रोज बाहेरच्या फाइली उघडल्या जातात ते लिब्रेऑफिस, दोन्ही बाजूंनी बेवारस राहिले. या काळात जेव्हा जेव्हा तुम्ही अद्यतने तपासली असतील, तेव्हा ‘सर्व पॅकेजे अद्ययावत आहेत’ असाच निर्वाळा मिळाला असेल, आणि तो खोटाही नव्हता. ॲप्टला माहीत असलेल्या भांडारांत घेण्याजोगे काही नव्हतेच. मी स्वतः पूर्वी एका स्कॅनरसाठी हाच उद्योग केला आहे. ओळ काढली म्हणजे काम स्वच्छ झाले, अशीच माझीही समजूत होती, आणि पुढच्या अपग्रेडला एक अख्खा रविवार त्यात गेला.

तुम्हाला दिसलेल्या यादीतली सगळी नावे भिण्याजोगी नाहीत. 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजणाऱ्या प्रोग्रॅमांचा हिशेब 19 जानेवारी 2038 रोजी संपतो. त्याची तरतूद म्हणून ट्रिक्सीत अनेक लायब्ऱ्या नव्याने कंपाइल केल्या गेल्या आणि त्यांच्या नावांना ‘टी64’ असे शेपूट जोडले गेले. तुमच्यासारख्या 64 बिटांच्या यंत्रावर वेळेचे मोजमाप आधीपासून बरोबर होते, पण नावे तेथेही बदलली. म्हणून काढायच्या यादीत ‘लिबग्लिब 2.0-0’ दिसले, तर नव्याने बसवायच्या यादीत ‘लिबग्लिब 2.0-0टी64’ आहे का, ते पाहावे. असेल, तर ती केवळ अदलाबदल आहे. (बाकीच्या तीन संगणकांवरही अशी नावे आली असणारच, तेथे कोणी वाचली नसावीत.) अशा जोड्या बाजूला काढल्यावर जे उरेल, ते खरे. त्यात डेस्कटॉप, नेटवर्क मॅनेजर किंवा लिब्रेऑफिसच दिसत असेल आणि त्याची बदली दुसऱ्या यादीत नसेल, तर पुढे जाऊ नये.

मला संशय आहे तो उबुंटूच्या फाइलीचा. उबुंटू डेबियनवरूनच तयार होते आणि दोघांच्या फाइलींच्या नावांचा शेवटही सारखाच असतो, त्यामुळे एकीची फाइल दुसरीवर बसते. पण ज्या लायब्ऱ्यांवर ती बेतलेली असते त्यांच्या आवृत्त्या निराळ्या असतात. क्रमांकांची मेख तर आणखी बारीक आहे. डेबियनमधले पॅकेज 1.2-3 या क्रमांकाचे असेल आणि उबुंटूने त्यात बदल करून ‘1.2-3उबुंटू1’ केले असेल, तर मोजणीत उबुंटूचा क्रमांक मोठा भरतो. म्हणून डेबियनचे स्वतःचे पॅकेज समोर असूनही ॲप्ट ते घेत नाही आणि परके पॅकेज तसेच बसून राहते. मग ते एक पॅकेज आपल्यासाठी एखादी जुनी लायब्ररी धरून ठेवते, त्या लायब्ररीशी नव्या लायब्ऱ्यांचे पटत नाही, आणि तडजोड काढता काढता ॲप्ट भलतीच पॅकेजे काढायला निघतो. तुमच्या लांबलचक यादीचा उगम बहुधा येथेच असावा.

शुद्ध डेबियन 12 करता येईल का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ॲप्टमधील अग्रक्रमाचा आकडा 1000 च्या वर नेला, तर तो जुनी आवृत्ती बसवायला तयार होतो, हे खरे आहे. परंतु पॅकेजांसोबत येणाऱ्या स्क्रिप्ट पुढे जाण्यासाठीच लिहिलेल्या असतात. सेटिंगच्या फाइली आणि डेटा नव्या स्वरूपात गेला की तो जुन्यात परत आणण्याचे काम कोणी लिहिलेले नसते. तुमच्या बाबतीत तर मागे जाण्याचे कारणही नाही. तुमची परकी पॅकेजे मुख्यतः ट्रिक्सीतलीच आहेत आणि तुम्हाला जायचेही ट्रिक्सीतच आहे, म्हणजे सगळे यंत्र तेथे पोहोचले की ती आपोआप घरची होतील. भाच्याने याऐवजी ‘सिड’ या सतत बदलत्या भांडारातून पॅकेजे आणली असती, तर ती ट्रिक्सीच्याही पुढची निघाली असती आणि मी तुम्हाला नव्याने इन्स्टॉल करण्याचाच सल्ला दिला असता.

प्रथम दाखलनोंद आणि हिशेब यांची प्रत दोन निरनिराळ्या पेनड्राइव्हांवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्यानंतर ॲप्टच्या ‘लिस्ट’ या आज्ञेला ‘इन्स्टॉल्ड’ हा पर्याय लावून, ज्यांच्यापुढे ‘लोकल’ असे लिहिलेले आहे ती, म्हणजे बसवलेली आवृत्ती कोणत्याही भांडारात नसलेली पॅकेजे शोधा. ट्रिक्सीची पॅकेजे आणि उबुंटूचे पॅकेज, दोन्ही तेथे दिसतील. शंका आली तर ‘ॲप्ट पॉलिसी’ या आज्ञेपुढे पॅकेजाचे नाव द्यावे. तीन तारका असतात ती बसवलेली आवृत्ती आणि तिच्याखाली तिचे भांडार. उबुंटूचे पॅकेज अपग्रेडच्या आधी काढून टाका. प्रिंटरचे नंतर पाहता येईल. ‘ॲप्ट-मार्क’ने कोणी एखादे पॅकेज रोखून धरले आहे का, तेही पाहा. मग मुख्य, सुरक्षा आणि अद्यतने या तिन्ही ओळींत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहा आणि याद्या ताज्या करा. त्यानंतर आधी नवी पॅकेजे न आणण्याचा पर्याय (‘विदाउट-न्यू-पीकेजीएस’) लावून ‘अपग्रेड’ आणि मग ‘फुल-अपग्रेड’, हा डेबियननेच सांगितलेला क्रम पाळा. एकच ओळ बदलून दुसरी तशीच ठेवणे म्हणजे पुन्हा भाच्याचीच गोष्ट.

पुढे कधी एखादाच प्रोग्रॅम नवा हवा असेल, तर त्यासाठी ‘बॅकपोर्ट्स’ हे भांडार आहे. पुढच्या आवृत्तीतला प्रोग्रॅम तेथे तुमच्या आवृत्तीच्या लायब्ऱ्यांवर पुन्हा कंपाइल करून ठेवलेला असतो, आणि लिब्रेऑफिस तेथे मिळते. त्याच्या क्रमांकात ‘~’ ही तरंगरेघ आणि त्यापुढे ‘बीपीओ12’ असे लिहिलेले असते. या रेघेचा अर्थ ‘यापेक्षा कमी’ असा धरला जातो, म्हणून अपग्रेडच्या वेळी ट्रिक्सीतले खरे पॅकेज मोठे ठरते आणि ते निमूटपणे जागा घेते. फ्लॅटपॅक (प्रोग्रॅम बांधून देण्याची एक वेगळी पद्धत) हाही मार्ग चांगला आहे, कारण तो आपल्या लायब्ऱ्या सोबत बाळगतो. फक्त पहिल्याच उतरवणीत तो इतका मोठा असतो की मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर भागवणाऱ्यांनी आधी आकार पाहून घ्यावा. दोन भांडारे शेजारी ठेवून अग्रक्रमाच्या आकड्यांनी त्यांना काबूत ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी देत नाही. कोणते पॅकेज निवडायचे, हे त्या आकड्यांवरून ठरते; निवडलेले पॅकेज कशावर बेतलेले आहे, यात त्यांनी काही फरक पडत नाही.

प्रश्न : शाळेच्या संगणकावर मी डेबियन 12 वरून 13 वर जात असताना, पॅकेजे बसत असताना मध्येच लाइन गेली. यूपीएसची बॅटरी जुनी असल्याने यंत्र तत्काळ बंद पडले. आता ते सुरू होते, पण डेस्कटॉप येत नाही. काळ्या पडद्यावर लॉगिन मात्र करता येते. काही सहकाऱ्यांच्या मते दुसऱ्या यंत्रावरून हवी ती पॅकेजे पेनड्राइव्हवर आणून एकेक बसवावीत. तसे करावे का?
— एक शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : तसे करू नका. आपण वरच्या पत्रलेखकांच्याच मुक्कामावर येऊन पोहोचला आहात, फक्त मार्ग वेगळा होता. अर्धी पॅकेजे बाराची, अर्धी तेराची, आणि काही धड बाराचीही नाहीत आणि तेराचीही नाहीत.

शेवटचा प्रकार समजून घेतला की पुढचे सोपे आहे. ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष बसवण्याचे काम करणारा डीपीकेजी प्रत्येक पॅकेज दोन टप्प्यांत बसवतो: आधी फाइली उलगडून जागेवर ठेवतो आणि नंतर त्या पॅकेजाची जुळवणी करतो. मोठ्या अपग्रेडमध्ये एका दमात अनेक पॅकेजे उलगडली जातात आणि त्यांची जुळवणी मागाहून होते, त्यामुळे मध्येच वीज गेली की बरीच पॅकेजे उलगडलेली पण न जुळवलेली राहतात. ‘डीपीकेजी’च्या यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरे असतात. ‘आय आय’ म्हणजे व्यवस्थित बसलेले, ‘आय यू’ म्हणजे उलगडून तसेच राहिलेले आणि ‘आय एफ’ म्हणजे जुळवणी करताना फसलेले. आपल्या यंत्रावर आज ‘आय यू’ची रांग लागलेली असेल.

काळ्या पडद्यावर लॉगिन होते, ही मोठीच सोय आहे. तेथे प्रशासकाच्या अधिकाराने डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा सर्व पॅकेजांसाठी द्यावी. उरलेल्या जुळवण्या तो एकामागून एक पूर्ण करत जाईल आणि जेथे एखादे अवलंबित पॅकेज अजून उलगडलेलेच नसेल तेथे अडेल. अडला की ॲप्टला ‘फिक्स-ब्रोकन’ या पर्यायासह चालवावे, मग पुन्हा जुळवणी करावी. या दोन आज्ञा आलटून पालटून दोन-तीनदा द्याव्या लागल्या तर गोंधळून जाऊ नये. शेवटी ‘फुल-अपग्रेड’ पुन्हा चालवून उरलेली पॅकेजे तेरावर न्यावीत. उद्या यंत्र लॉगिनपर्यंतही आले नाही, तर सुरू होतानाच्या यादीत प्रगत पर्यायांखाली जुना कर्नल (यंत्रणेचा गाभा) शोधावा. नवा कर्नल बसला तरी आधीचा सहसा लगेच काढला जात नाही.

पेनड्राइव्हची गरजच नाही. ॲप्ट एरवी सर्व पॅकेजे आधी उतरवून घेतो आणि मगच बसवायला लागतो, त्यामुळे बसवताना वीज गेली असेल, तर सगळ्या फाइली त्याच्या साठ्यात पडून आहेत आणि इंटरनेट नसले तरी काम पूर्ण होते. तोवर ‘ॲप्ट क्लीन’ देऊन तो साठा रिकामा करू नये. एकेक पॅकेज हाताने बसवताना ते कशासाठी तरी अडते, मग मनुष्य ‘फोर्स’चा पर्याय जोडतो, आणि अवलंबित्वाची जी तपासणी आपल्याला वाचवत होती तीच बंद होते. मी पाहिलेली दुरुस्तीपलीकडे गेलेली यंत्रे विजेने कमी आणि ‘फोर्स’ने अधिक गेली आहेत.

इतर संगणक अजून बाकी असतील, तर ‘डाउनलोड-ओन्ली’ पर्यायाने पॅकेजे आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. बसवण्याचे काम मग इंटरनेटच्या वेगावर अवलंबून राहत नाही आणि लाइन टिकण्याची खात्री असलेली वेळ त्यासाठी निवडता येते.

प्रश्न : आमच्या संत्र्याच्या आडतीच्या हिशेबाच्या संगणकावर डेबियन 12 होते. भांडारांच्या ओळींत आवृत्तीच्या नावाऐवजी ‘स्टेबल’ असे लिहिलेले आहे. एके दिवशी ॲप्टने काहीतरी विचारले, मुलाने ‘वाय’ दाबले आणि नेहमीप्रमाणे अपग्रेड केले. आता शेकडो पॅकेजे ‘मागे ठेवली’ असे दिसते. हे काय झाले?
— एक वाचक, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : ‘स्टेबल’ हे एका आवृत्तीचे नाव नाही, ती एक खुर्ची आहे. 9 ऑगस्ट 2025 रोजी तिच्यावरून बुकवर्म उठले आणि ट्रिक्सी बसले. भांडाराचे सांकेतिक नाव बुकवर्मवरून ट्रिक्सी झाले आहे, हे मान्य आहे का, एवढेच ॲप्टने विचारले होते, आणि मुलाने ते मान्य केले. साधे ‘अपग्रेड’ बसवलेले कोणतेही पॅकेज काढत नाही, म्हणून ज्यांच्यासाठी काहीतरी काढावे लागले असते ती सगळी पॅकेजे बारावरच राहिली आणि बाकीची तेरावर गेली.

आता मागे फिरता येत नाही, तेव्हा मिश्रण वाढण्यापूर्वी अपग्रेड पूर्ण करावे. त्याआधी हिशेबाची प्रत अवश्य घ्या, आणि ती डेटाबेसच्या स्वतःच्या निर्यात-आज्ञेने घ्या. बारात मारियाडीबी हा डेटाबेस 10.11 आहे आणि तेरात 11.8, नव्याने एकदा सुरू होऊन हाताळलेला डेटा जुन्यात परत उघडेल, हे गृहीत धरू नये. हिशेबाचे सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालत असेल, तर पीएचपीही 8.2 वरून 8.4 वर जाईल. तुमचे सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे ते करून देणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि हंगाम सुरू असेल तर मुळीच नाही. ओळींत ‘स्टेबल’च्या जागी ट्रिक्सी असे नावाने लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी खुर्ची बदलली तरी तुमचे यंत्र जागेवर राहील.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकावर 32 बिटांचे डेबियन 12 आहे. ओळी बदलून तेरावर जाता येईल का?
— एक वाचक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : येणार नाही. ट्रिक्सीत 32 बिटांच्या पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. त्या भांडारात 32 बिटांची पॅकेजे दिसतात, ती 64 बिटांच्या यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीसाठी आहेत. ती पाहून ओळी बदलल्या, तर जुन्या कर्नलवर नवी पॅकेजे असे आणखी एक मिश्रण तयार होईल. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन वरच्या दोन-तीन ओळी पाहा. तेथे ‘32-बिट, 64-बिट’ असे दोन्ही लिहिलेले असेल, तर प्रोसेसर 64 बिटांचा आहे आणि त्यावर पूर्वी कोणी 32 बिटांचे डेबियन बसवले होते, इतकेच. फाइलींची प्रत घेऊन 64 बिटांचे डेबियन 13 नव्याने इन्स्टॉल करावे. फक्त ‘32-बिट’ लिहिलेले असेल, तर बारावरच राहा.